विक्शनरीवर गाय शोधली: प्रोटो-केल्टिक पानांचा रिव्ह्यू, सांगलीहून

रेटिंग आधीच सांगतो, साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईल. रिव्ह्यू विक्शनरीचा आहे, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचाच फुकट ऑनलाइन शब्दकोश, २००२ पासून चालू आहे, कुणीही वापरा, कुणीही भर घाला. त्यातही मी मराठी विक्शनरीबद्दल बोलत नाहीये. इंग्रजी विक्शनरीत एक वेगळा कप्पा आहे, जे शब्द कुठंच लिहिलेले सापडत नाहीत पण अभ्यासकांनी लेकी-नातींच्या भाषा शेजारी ठेवून मागं जाऊन जुळवलेत त्यांचा, आणि त्या कप्प्यातल्या प्रोटो-केल्टिक भाषेच्या पानांचा हा रिव्ह्यू. कुणाला वाटेल हे फारच बारीक झालं, पण मी तपासायला जो शब्द घेतला तो गायीचा, आणि आपल्या सांगली-साताऱ्याकडं दोन पिढ्या मागं गेलं तर दारात जनावर नव्हतं असं घर गावात सापडायचं नाही, म्हणून म्हटलं सविस्तरच लिहू.

आमचं घर पलूसकडं, नदीकाठचा पट्टा, ऊस आणि दूध. मी नोकरीला सांगलीत असतो. शब्द कुठनं आला हे बघायचा नाद जुना आहे आणि तो भागवायला इथं साधनं फार नाहीत. मराठीचा भाग कृ. पां. कुलकर्ण्यांच्या १९४६ च्या मराठी व्युत्पत्तिकोशावर भागतो, पण त्याच्या पलीकडं युरोपच्या भाषांत तोच शब्द कुठं गेला हे बघायचं तर काय करणार. प्रोटो-केल्टिकचा आजचा मुख्य कोश म्हणजे झाग्रेबचे रांको मातासोविच यांचा, २००९ साली लायडनहून निघालेला, असली पुस्तकं मोठ्या विद्यापीठांच्या लायब्ररीत असतात, तालुक्याच्या गावाला कुठून दिसणार. म्हणून मोबाईलवर फुकटात हे सगळं मिळतं याचं मला मनापासून कौतुक आहे आणि रिव्ह्यू त्याच भावनेनं लिहितोय.

आधी प्रोटो-केल्टिक म्हणजे काय ते थोडक्यात. आज केल्टिक भाषा जिवंत आहेत त्या युरोपच्या पश्चिम कडेला, आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स ही एक फांदी आणि वेल्श, कॉर्निश, ब्रेटन ही दुसरी. पण दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच कुटुंबातल्या भाषा स्पेनपासून फ्रान्स, उत्तर इटली आणि पार आजच्या तुर्कस्तानातल्या अंकाऱ्यापर्यंत बोलल्या जायच्या. या सगळ्यांची जी एक आई असणार ती प्रोटो-केल्टिक. तिची एक ओळसुद्धा कुणी लिहून ठेवलेली नाही. आपल्याकडं मराठीच्या मागं महाराष्ट्री प्राकृत आहे, तिचं साहित्य हातात आहे, तसं तिथं नाही, म्हणून शब्दाच्या आधी फुली-ताऱ्याची खूण असते, अर्थ असा की हे रूप सापडलेलं नाही, काढलेलं आहे. विक्शनरीत ही खूण कुठंही चुकवलेली मला दिसली नाही. पानाच्या वरच स्पष्ट सांगितलेलं असतं की हा पुनर्रचित शब्द आहे, आणि हे फार महत्त्वाचं, कारण व्हॉट्सॲपवर 'अमुक शब्द सात हजार वर्षं जुना' छापाचे जे मेसेज फिरतात त्यात ही खूणच गायब असते.

आता पान कसं असतं. वर व्युत्पत्ती, म्हणजे अजून मागच्या इंडो-युरोपियन मूळ भाषेत, संस्कृत, ग्रीक, लॅटिन, केल्टिक या सगळ्यांच्या आईत, काय होतं, मग विभक्तीचा तक्ता, मग खाली वंशज. वंशजांचा भाग हाच या सेवेचा खरा माल. सातबाऱ्यावर वारसनोंदी लागत जाव्यात तशी एकाखाली एक नावं सरकत जातात, आजा, मग दोन मुलं, मग त्यांची पोरं, कुठं 'निर्वंश' तर कुठं दहा जणांचा गोतावळा, आणि प्रत्येक नावावर बोट ठेवलं की त्याचं स्वतःचं पान उघडतं. वेल्श शब्दावरनं ब्रेटनवर, तिथून परत वर मूळ शब्दावर, तिथून संस्कृतवर आणि संस्कृतवरनं प्राकृत करत करत मराठीवर, सगळं एका अंगठ्यानं. छापील कोशात यासाठी पाच जाड पुस्तकं टेबलावर उघडी ठेवावी लागतात.

गायीचा प्रोटो-केल्टिक शब्द *बोव्- असा धरतात. आयरिशमध्ये बो, स्कॉटिश गेलिकमध्येही बो, मँक्समध्ये बूआ, वेल्शमध्ये बिउख, ब्रेटनमध्ये बिओख. आणि याच्या मागं इंडो-युरोपियन रूप आहे ते *ग्वोउस्, ज्यातून संस्कृत गो, गौः आणि आपली गाय आली. गाय आणि बो एकच, हे पहिल्यांदा वाचताना पटत नाही, 'ग'चा 'ब' कसा होईल असंच वाटतं. उत्तर त्या मूळ अक्षरात आहे. तो साधा ग नव्हता, ओठ गोल करून म्हटलेला ग होता, ग्व. संस्कृतनं ओठांचा गोलावा सोडला आणि ग ठेवला. केल्टिकनं उलट केलं, घशातला ग सोडला आणि ओठ मिटले, झाला ब. जर्मानिक भाषांनी त्याचा क केला, म्हणून इंग्रजीत काउ, जर्मनमध्ये कू. ग्रीकमध्येही बच झाला, बोउस्.

इथं कुणी म्हणेल की एका शब्दावर काय नियम बसवताय, योगायोग असेल. तेही मी तपासून बघितलं आणि विक्शनरीवर ते दोन मिनिटांत तपासता येतं, म्हणून तर मी या सेवेवर खूश आहे. दुसरा शब्द घ्या, जीव. मूळ रूप *ग्वीवोस्, जिवंत. संस्कृतमध्ये पुढं ई असल्यामुळं तोच ग मऊ होऊन ज झाला, जीव. केल्टिकमध्ये नियमाप्रमाणं ब हवा, तर जुन्या आयरिशमध्ये आहे बेओ, वेल्शमध्ये बिउ, दोन्हीचा अर्थ जिवंत. इंग्रजीत क हवा, तर क्विक आहे, जो आज 'लवकर' या अर्थानं वापरतात पण मुळात त्याचा अर्थ जिवंत असाच होता. तिन्ही ठिकाणी बरोबर बसलं. मग लॅटिन बघा, जिवंतला वीवुस्, म्हणजे लॅटिनमध्ये ग्वचा व होतो. मग लॅटिनमध्ये गाय-बैलाचा शब्दही व ने सुरू व्हायला पाहिजे, पण तो आहे बोस्, ज्यावरनं जनावरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकातलं बोव्हाइन आलं. नियम मोडला का? नाही. अभ्यासक सांगतात की रोमन लोकांनी हा शब्द शेजारच्या इटालिक बोलीतनं उसना घेतलाय, जिथं ग्वचा ब व्हायचा. नियम इतका पक्का की एका अक्षरावरनं चोरी पकडली जाते, म्हणजे उसनवारी पकडली जाते. मला हे वाचून जो आनंद झाला तो मी इथं शब्दांत नीट मांडू शकेन असं नाही, पण ज्याला गणित आवडतं त्याला कळेल.

आता या पानांवरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. स्पेनमध्ये झारागोझा शहराजवळ बोतोरिता नावाचं गाव आहे, तिथं १९७० साली एक कांस्याचा पत्रा सापडला, दोन्ही बाजूंनी कोरलेला, केल्टिबेरियन भाषेतला, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. स्पेनमधली ही केल्टिक भाषा कधीच मेली. त्या मजकुरात एक शब्द आहे बोउस्तोम. अनेक अभ्यासक तो असा फोडतात, बोउ म्हणजे गाय आणि पुढं उभं राहणं-थांबणं याचा धातू, म्हणजे गायी उभ्या राहतात ती जागा. आता संस्कृत बघा, गो अधिक स्थ, गोष्ठ. गोष्ठवरनं मराठीत काय आलं? गोठा! तेच दोन तुकडे, त्याच क्रमानं, एक स्पेनच्या पत्र्यावर आणि एक आमच्या घरामागं. मी हे घरी आईला सांगितलं, ती धार काढत होती, म्हणाली मग त्यात काय, गाय म्हटल्यावर गोठा लागणारच की सगळीकडं. बरोबरच आहे तिचं. गाय पाळणारी माणसं जिथं गेली तिथं गोठ्याचा शब्द सोबत गेला किंवा नवा बांधला. वेल्श लोकांनी नवा बांधला, गाय अधिक घर, बेइदी, म्हणजे गायघर, आणि कॉर्निशमध्ये बोउजी, तोही गायघरच.

आणि गोष्ठ शब्द आपल्याकडं गोठ्यावर थांबला नाही हेही इथंच साखळी पकडून बघता येतं. गायी जमतात तिथं माणसंही जमायची, म्हणून गोष्ठी म्हणजे बैठक, मग बैठकीतलं बोलणं, आणि त्यातनं मराठीची गोष्ट. रात्री आजी जी सांगायची ती. गोत्र हाही मुळात गायींचा वाडाच होता. गवळी हा गोपाल, आणि आपण रोज म्हणतो ते गुरं, तेसुद्धा टर्नरच्या कोशात गोरूप या शब्दाखाली लावलेलं आहे. राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६२ ते १९६६ मध्ये भागाभागानं निघाला आणि तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघायला मिळतो, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्तीही तिथंच आहे. विक्शनरीच्या बाजूला ही साइट उघडी ठेवाच, का ते पुढं सांगतो.

बो या शब्दाचा आयर्लंडमधला संसार तर भलताच मोठा आहे. मुलगा, पोरगा याला आयरिशमध्ये बुअखल म्हणतात. रोजचा शब्द आहे, पण जुन्या आयरिशमध्ये त्याचा अर्थ गुराखी. वेल्शमध्ये तोच शब्द बिगाइल, अर्थ मेंढपाळ. ब्रेटनमध्ये ब्यूगेल, अर्थ मूल, लेकरू. म्हणजे समाज असा होता की घरातलं पोरगं म्हणजे गुरांमागं जाणारं पोरगं, दोन्हीला वेगळा शब्द लागलाच नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लेनको दरीच्या तोंडाशी एक उंच डोंगर उभा आहे त्याचं नाव एटिव्हचा (एटिव्ह ही शेजारची दरी) थोरला गुराखी असंच आहे, त्याच शब्दावरनं. आणि ह्या शब्दाचा दुसरा तुकडा बघितला तर अजून मजा आहे, तो ज्या धातूपासून आलाय त्याच धातूपासून संस्कृत चर् आलाय, फिरणं, चरणं. म्हणजे आपण गुरं चारायला नेतो त्यातलं चारणं आणि बुअखलमधला शेवटचा तुकडा एकाच मुळाचे. गाय आणि चर् हे दोन जोडून संस्कृतमध्ये गोचर झालं, गुरं चरायची जागा, ज्याला आपण गावाकडं गायरान म्हणतो. तिकडं त्याच दोन मुळांतनं माणूस तयार झाला, इकडं जमीन.

रस्त्याला आयरिशमध्ये बोहर म्हणतात, आजही रस्त्यांच्या पाट्यांवर दिसतो हा शब्द. त्यातही बो आहे. कॅशेलचा राजा-बिशप कॉर्मक, जो ९०८ साली लढाईत मेला, त्याच्या नावावर एक जुना शब्दार्थसंग्रह आहे, त्यात रस्त्यांचे प्रकार दिलेत आणि बोहरची रुंदी अशी सांगितलीय की एक गाय लांबीत आणि एक गाय आडवी अशा दोन गाई त्यावर मावल्या पाहिजेत, शिवाय त्यांची वासरंही. माप फुटात नाही, गायीत! आमच्याकडं पाणंदीवरनं भांडणं होतात तेव्हाही मुद्दा शेवटी हाच असतो की बैलगाडी समोरासमोर आली तर निघाली पाहिजे, त्यामुळं हे माप आपल्याला लगेच कळतं, शहरातल्या माणसाला चित्र काढून दाखवावं लागेल.

याच कॉर्मकच्या संग्रहाचा एक भारतीय धागा आहे आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर जॉन ओडोनोव्हन यांनी केलं आणि ते व्हिटली स्टोक्स यांनी टिपा घालून १८६८ साली छापलं ते डब्लिनला नाही, लंडनला नाही, कलकत्त्याला. स्टोक्स हे डब्लिनचे वकील, १८६२ मध्ये भारतात आले, वीस वर्षं इथं होते आणि १८७७ ते १८८२ गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य होते. दिवसा भारताच्या कायद्यांचे मसुदे आणि उरलेल्या वेळात जुनं आयरिश. परत गेल्यावर १८९४ साली त्यांनीच प्रोटो-केल्टिकचा पहिला मोठा शब्दसंग्रह काढला, जर्मनीतल्या बेझेनबर्गर यांच्यासोबत. म्हणजे ज्या पानांचा मी रिव्ह्यू लिहितोय त्या सगळ्या कामाच्या मुळाशी असलेला एक माणूस संस्कृत आणि भारत दोन्ही जवळून बघितलेला होता. त्याच्याही आधी १७८६ मध्ये कलकत्त्यालाच विल्यम जोन्स यांनी आपल्या प्रसिद्ध भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या मुळाशी एकच भाषा असावी असं म्हणताना केल्टिकचंही नाव घेतलं होतं, थोडं बिचकत, पण घेतलं होतं. व्यवस्थित पुराव्यानिशी केल्टिकचं व्याकरण उभं राहायला १८५३ उजाडलं, बव्हेरियातल्या झॉइस यांचं.

जुन्या आयरिश समाजात गाय म्हणजे पैसाच होता. कायद्याच्या जुन्या ग्रंथांत दंड, मोबदला, माणसाची पत, सगळं दुभत्या गाईंत मोजलेलं आहे, आणि खाऊन-पिऊन सुखी स्वतंत्र शेतकऱ्याला बोआरे म्हणायचे, त्या शब्दाच्या सुरुवातीलाही बो. तिथली सगळ्यात गाजलेली जुनी वीरकथाच मुळी गुरं पळवण्याची आहे, कूलीची गुरंधाड. राणी मेव्ह आणि तिचा नवरा आपापली संपत्ती मोजत बसतात, सगळं बरोबरीत निघतं, फक्त नवऱ्याकडं एक पांढऱ्या शिंगांचा वळू जास्त, म्हणून ती अल्स्टरच्या तपकिरी वळूसाठी फौज घेऊन निघते आणि कू कलन नावाचा एकटा पोरगा तिला वाटेवर अडवतो. ही कथा ज्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितात आहे ते साधारण ११०० सालचं, आणि त्याचं नावच 'तपकिरी गाईचं पुस्तक'.

हे वाचताना मला सारखं आठवत होतं ते वाई तालुक्यातलं किकली. भैरवनाथाच्या देवळाजवळ रांगेनं वीरगळ उभे आहेत, ज्यांनी बघितले नसतील त्यांनी साताऱ्याहून पुण्याला जाताना वाट वाकडी करून बघाच. आपल्या भागातल्या कितीतरी वीरगळांवर सगळ्यात खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि शेजारी गाई कोरलेल्या असतात, मधे लढाई, वर स्वर्ग, त्याच्यावर चंद्र-सूर्य. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना गेलेला माणूस. त्यांचं नाव कुणी लिहिलेलं नाही बऱ्याच ठिकाणी, पण गाई मात्र कोरल्यात. आणि ऋग्वेदात लढाईला एक शब्द आहे गविष्टि, शब्दशः गायींची इच्छा. आयर्लंड, किकली आणि ऋग्वेद, तिन्हीकडं गाय हे भांडणाचं कारण आणि मानाचं माप. अर्थात म्हणून आयरिश कथा आणि आपले वीरगळ एकमेकांवरनं आले असं कुणी म्हणू नये, गुरं पाळणाऱ्या समाजात हे आपापलं घडतं. शब्द मात्र खरोखर एका घरातले आहेत. हा फरक मी मुद्दाम सांगतोय.

कारण मोह फार होतो. उदाहरण देतो. आयर्लंडची बोइन नदी. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानं नकाशाची यादी केली त्यात तिचं नाव बोउविंदा असं आलंय. बोउ म्हणजे गाय हे झालंच, विंदा म्हणजे पांढरी, आयरिश फ्युन आणि वेल्श ग्विन म्हणजे पांढरा, तोच शब्द. पांढऱ्या गाईची नदी, तिची देवीही आहे त्याच नावाची. आता बोउविंदा आणि गोविंद. पहिला भाग खरोखर एकच आहे, पण दुसऱ्या भागाचा अर्थ तिकडं पांढरा आणि इकडं मिळवणारा. लगेच 'आयर्लंडमध्ये गोविंदाची नदी' असा मेसेज तयार होईल, तो करू नका. पहिल्या भागावर निश्चिंत राहा, दुसऱ्यावर घाई नको. अशा वेळी पानावरचा आवाज-नियम आणि अर्थ दोन्ही जुळतात का हे बघायची सवय या सेवेनं मला लावली, आणि याचे मी वेगळे मार्क दिलेत.

आता कापलेला अर्धा स्टार. विक्शनरी कुणीही लिहू शकतं, त्यामुळं सगळी पानं एका दर्जाची नसतात. काही पानांखाली आधार भरपूर, काहींखाली एखादाच, आणि पुनर्रचित शब्दाचं रूप एका अभ्यासकाचं एक तर दुसऱ्याचं दुसरं असतं, त्यातलं कुठलं का निवडलं हे प्रत्येक ठिकाणी समजेलच असं नाही. नवीन माणूस पानावरचं रूप पक्कं धरून बसतो. दुसरं म्हणजे मराठीची फांदी. केल्टिकच्या बाजूला एकेका खेड्याच्या बोलीपर्यंत तपशील मिळतो आणि संस्कृतवरनं खाली आलं की हिंदी, बंगाली, पंजाबी भरगच्च आणि मराठी कधी एका ओळीत तर कधी नाहीच. हा दोष लिहिणाऱ्यांचा नाही, आपण मराठी माणसांनी भर घातली नाही म्हणून ते तसं आहे. खिल्लार, बेंदूर, दावण, वेसण, गव्हाण, कालवड, पाडी असले शब्द ज्यांच्या तोंडात आहेत त्यांनी तिथं जाऊन अर्थ लिहिले पाहिजेत. खरसुंडीच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात एक फेरी मारली तरी शंभर शब्द मिळतील जे कुठल्याच ऑनलाइन कोशात नाहीत, रंगांची नावं वेगळी, शिंगांच्या ठेवणीची वेगळी, दातावरनं वय सांगायची वेगळी.

म्हणून माझा वापर असा आहे, विक्शनरीवर नकाशा बघायचा आणि मग महत्त्वाचा मुक्काम दुसरीकडं तपासायचा. आयरिशसाठी ई-डिल नावाची साइट आहे, रॉयल आयरिश अकादमीनं १९१३ ते १९७६ मध्ये खंडाखंडानं काढलेल्या जुन्या आयरिशच्या कोशाची डिजिटल आवृत्ती, फुकट, आणि त्यात प्रत्येक अर्थाला जुन्या हस्तलिखितातली वाक्यं दिलीत. बो शब्द तिथं उघडून बघा, वाचून संपत नाही. वेल्शसाठी वेल्स विद्यापीठाचा मोठा ऐतिहासिक कोश २०१४ पासून ऑनलाइन फुकट आहे, व्याख्या वेल्शमध्ये असल्या तरी इंग्रजी अर्थही असतात. आणि आपल्या बाजूला टर्नर आणि मोल्सवर्थ, ते वर सांगितलंच. चारही उघडे असले की विक्शनरीच्या पानातलं कच्चं काय आणि पक्कं काय ते आपोआप कळतं.

वापरायला सोपं आहे का? हो. मोबाईलवर पानं हलकी आहेत, फोटो-जाहिराती नाहीत, गावाकडं रेंज एक कांडी असली तरी उघडतात. जाहिरात एकही नाही हे परत सांगतो, कारण फुकट डिक्शनरी म्हणून जी ॲप मिळतात त्यातल्या कित्येकांत शब्द दिसायच्या आधी जाहिरात दिसते. रोमन अक्षरांवर आडव्या रेघा, छोटे वर चढवलेले व असली चिन्हं पहिल्यांदा बघून डोकं गरगरतं, त्याची सवय होते, आणि चिन्हांचे अर्थ सांगणारं वेगळं पान आहे. नेट नसताना वापरायचं असेल तर किविक्स नावाचं फुकट ॲप घ्या, त्यात अख्खी विक्शनरी डाउनलोड करून ठेवता येते, फाइल मोठी आहे, वायफायवर रात्री लावून ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्यांच्या घरातली, वाचनालयांतली पुस्तकं भिजून गेली त्यांना ही कॉपी फोनमध्ये असण्याची किंमत वेगळी सांगायला नको. इंग्रजी बऱ्यापैकी वाचता यावं लागतं, एवढी एक अट आहे, आणि नववी-दहावीची पोरं शिक्षकांनी शेजारी बसवून घेतली तर सहज करू शकतात, मी घरातल्या पोरांसोबत केलंय, जीव आणि क्विक एकच हे कळल्यावर ती स्वतःहून पुढचे शब्द शोधायला लागली.

साताऱ्याच्या मंडळींना सुरुवातीला गाय नको असेल तर राजा शोधा, तुमचा हक्काचा शब्द. प्रोटो-केल्टिकमध्ये तो *रीक्स्, संस्कृत राजन्, लॅटिन रेक्स्. सीझरशी लढलेल्या गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, व्हर्सिंगेटोरिक्सच्या नावातलं शेवटचं रिक्स तेच. तिथं केल्टिकमध्ये मूळ ए चा ई झालाय, आणि जर्मन लोकांच्या राइख या शब्दाच्या जुन्या रूपात तोच ई आहे, त्यावरनं अभ्यासकांनी ओळखलं की जर्मानिक लोकांनी राज्याचा शब्द केल्टिक शेजाऱ्यांकडनं घेतला, इंग्रजीतलं रिच, श्रीमंत, तेही त्याच घरातलं. मग त्याच पानावरनं राणीवर जा. जुन्या आयरिशमध्ये रीगन, गॉलमधल्या एका लेखात रीगानी, वेल्शमध्ये रिआइन, ज्याचा अर्थ आता राणी राहिला नाही, तरुण मुलगी झाला, आणि आपल्याकडं राज्ञीवरनं आलेली राणी.